मालहॅमची चाल: फाटक कुणाचं, साकव कुणाचा?

भारतातून आलेल्या आई-बाबांना उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समध्ये चालायला नेणार असाल, तर धबधब्यांच्या आधी वाटेवरच्या फाटकांची चौकशी करा.

आम्ही स्किप्टनपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने मालहॅमला गेलो. बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. गावातून ओढ्याकाठाने जॅनेट्स फॉस हा छोटा धबधबा, मग गोर्डेल स्कारची घळ आणि शेवटी मालहॅम कोव्हचा सुमारे 80 मीटर उंच चुनखडीचा कडा, असा फेरा केला. गोर्डेलच्या धबधब्यातून वर जाणारी वाट नकाशात साधी पायवाट दिसते, पण तिथे हातापायांनी कातळ चढावा लागतो. ज्येष्ठांसोबत असाल तर मागे फिरून रस्त्याने या. कोव्हच्या माथ्यावरचा खडक ओला असला की फार घसरतो.

ही वाट बरीचशी कुरणांतून जाते. जमीन खासगी, चालण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा. कोकणातल्या गडग्यांसारख्याच दगडी भिंती जागोजागी आडव्या येतात. त्या ओलांडायला कुठे फाटक, कुठे दगडी पायऱ्या, तर कुठे जेमतेम पाय जाईल एवढी फट. एका कुरणातल्या लाकडी पायऱ्यांची फळी हलत होती आणि आईला धरून उतरवावं लागलं.

अशा वेळी सांगायचं कुणाला? इंग्लंड-वेल्समध्ये 1980च्या हायवेज ॲक्टचं कलम 146 म्हणतं, की फाटक आणि पायऱ्या सुस्थितीत ठेवणं जमीनमालकाचं काम. त्याने मागितला तर किमान पाव खर्च स्थानिक प्राधिकरणाने (तिथली कौन्सिल किंवा राष्ट्रीय उद्यानाचं प्रशासन) द्यायचा. मालकाने हयगय केली तर 14 दिवसांची नोटीस देऊन प्राधिकरण स्वतः दुरुस्ती करू शकतं आणि खर्च वसूल करू शकतं. मला ही वाटणी न्याय्य वाटते. फाटक त्याच्या मेंढ्या अडवायला आहे, चालणाऱ्याला नुसती मोकळी जागा पुरते. याउलट पायाखालची वाट, ओढ्यांवरचे बहुतेक साकव आणि डांबरी रस्त्यापासून वाट फुटते तिथला दिशाफलक ही जबाबदारी प्राधिकरणाची. बाजूच्या कुंपणाची फांदी वाटेवर आली तर ती मालकाने छाटायची, पण वाटेतच झुडपं उगवली तर ती प्राधिकरणाने काढायची.

तक्रार करताना जागेचा ग्रिड संदर्भ (नकाशातल्या चौकटींवरून नेमकी जागा सांगणारा क्रमांक) आणि फोटो द्या. 'मालहॅमजवळचं फाटक' एवढ्यावरून कुणालाच काही सापडणार नाही. प्राधिकरणाला कळवलं की पुरे, मालक शोधत बसू नका.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी निळ्या बाणाचा ब्रायडलवे निवडा. तिथे घोड्यांना जाता यायला हवं, म्हणून चढून ओलांडायच्या पायऱ्या नसतात आणि फाटक किमान 5 फूट रुंद लागतं. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, तिथे पायऱ्या येऊ शकतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेच्या ओएल2 नकाशात आखूड हिरव्या तुटक रेषा पायवाटेच्या, लांब ब्रायडलवेच्या. आपण उघडलेलं फाटक पुन्हा बंद करा, आणि वासरांसोबत गाई दिसल्या तर लांबून वळसा घाला.