६३ खुणांचं सोलापूर

८ जानेवारी

पौष. दुकानात दिवसभरात एक गिऱ्हाईक, तेही झेरॉक्सला. सोलापुरात या महिन्यात लग्न करतो तो एकटा ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, आणि त्याला पत्रिका लागत नाही.

म्हणून मागचं कपाट काढलं. १९९७ पासून छापलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेचा एक नमुना मी ठेवत आलोय. मराठी, कन्नड, आणि पूर्व भागातल्या पद्मशाली घरांच्या तेलुगू. तेलुगू मला आजही वाचता येत नाही. हस्तलिखितातल्या आकाराशी आकार जुळवत कंपोझ करायचो. एकदा नवरीचं नाव मामांच्या ओळीत जाऊन बसलं. प्रूफ बघायला आलेल्या आजी इतक्या हसल्या, की पुढे तिन्ही नातवंडांच्या पत्रिका माझ्याकडेच आणल्या.

या पत्रिकांवर लिहायचंय. कुणाचं नाव छापू नका म्हणून भाऊबंद रात्री दहाला शटर वाजवायचे, ते. "माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं" ही ओळ छापायला एक आजोबा कसे नाहीच म्हणाले, ते. (नावं बदलेन. सोलापूर तसं लहानच आहे.) मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "अण्णा, ब्लॉग सुरू करा की. वर्डप्रेस घ्या."

९ जानेवारी

वर्डप्रेस घ्या म्हणणं सोपं आहे. एकाच नावाच्या दोन गोष्टी निघाल्या. एक डॉट ऑर्गवाली, म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर, २००३ पासूनचं. ते चालवायला जागा आपण भाड्याने घ्यायची, साइटच्या पत्त्याचं नाव विकत घ्यायचं, दरवर्षी पैसे भरायचे, दुरुस्तीही आपणच बघायची. दुसरी डॉट कॉमवाली. ती सगळं तयार देते, पण फुकटात राहिलात तर तुमच्या पानावर जाहिराती त्यांच्या. सकाळचा पाऊण तास मी एकीची माहिती दुसरीची समजून वाचत होतो.

ब्लॉग लिहायची दुसरी जागा म्हणजे ब्लॉगर. ते वर्डप्रेसहून जुनं, १९९९ चं. २००३ मध्ये गूगलने घेतलं. जीमेलचं खातं आहे तेवढ्यावर उघडतं, आणि पुढे स्वतःचं नाव विकत घेतलं तर ते जोडायचे वेगळे पैसे नाहीत. दिसायला जरा जुनाट, पण माझ्या दुकानाचा बोर्डही तसाच आहे. मीडियम नावाचंही एक पाहिलं. ते काढणारा इव्हान विल्यम्स हा ब्लॉगर सुरू करणाऱ्यांपैकीच एक. तिथे लेखकाने ठरवलं तर लेख पैसे भरणाऱ्यांपुरता राहतो. माझे वाचक म्हणजे मेहुणा, दोन वर्गमित्र आणि शाईवाला. त्यांच्यासाठी कुलूप कशाला?

१० जानेवारी

ब्लॉगर आणि वर्डप्रेस, दोन्हीकडे एकेक कच्चं पान करून पाहिलं. मथळा एकच, "सोलापूर".

ब्लॉगर लिंक बनवताना मथळ्यातली फक्त रोमन अक्षरं उचलतं. देवनागरीत उचलण्यासारखं काहीच नाही, म्हणून नुसतं "ब्लॉग-पोस्ट". पुढच्या लेखाला तेच, मागे एक आकडा. पन्नास लेख लिहिले तर पन्नास ब्लॉग-पोस्ट, पंगतीतल्या पत्रावळींसारखे. वर्डप्रेस देवनागरी तशीच ठेवतं. पत्त्याच्या पट्टीत सोलापूर सुंदर दिसतं, पण तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार… असं सुरू होतं. मोजलं. सोलापूर या शब्दात काना-मात्रा धरून सात चिन्हं, प्रत्येकाच्या नऊ खुणा. ६३! नेहमीच्या मांडणीत लिंकच्या त्या भागाला २०० खुणांची मर्यादा, म्हणजे मराठी मथळ्याची जेमतेम २२ चिन्हं. पुढचं कापलं जाणार. बायको म्हणाली, "अहो, लिंक कोण वाचतंय?" मी वाचतो. आयुष्यभर ओळी मोजण्यात गेलंय.

उपाय दोन्हीकडे आहे. लेख प्रसिद्ध करण्याआधी लिंक हाताने रोमनमध्ये लिहायची. म्हणजे या बाबतीत दोघं सारखेच, आणि दिवस फुकट गेला.

११ जानेवारी

पाणी आलं. टाकी, पिंपं, हंडे. काही लिहिलं नाही.

भोगी

संमती कट्ट्यावरचा सिद्धरामेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा बघून आलो. गर्दीत उभ्या उभ्या एक आठवलं, म्हणून घरी येऊन बाजरीची भाकरी, शेंगा चटणी उरकली आणि जुनी सीडी शोधली. १९९९ ते २००४ च्या पत्रिकांच्या फाइली तिच्यात आहेत. उघडल्या. पौंडाची चिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेले ए, मध्येच एखादा आठ. तेव्हाचे आमचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकार बसवायचे. फॉन्ट गेला की खालची मूळ घरं उघडी पडतात. मराठीला स्वतःची घरं युनिकोडने दिली, पण छपाईत आम्ही ते फार उशिरा घेतलं. फाइल शाबूत आहे, नावं वाचता येत नाहीत. कपाटातले कागद नसते तर ती सगळी लग्नं गेलीच होती.

म्हणजे आठ तारखेपासून मी चुकीचं बघतोय. कुठे राहायला छान, हे सगळे सांगतात. सामान घेऊन निघता येतं का, ते विचारायला हवं होतं. लोकांची पानं ठेवणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. टाइपपॅड हे ब्लॉगचं घर तर परवा, ३० सप्टेंबर २०२५ ला.

दोन्हीकडची निघायची सोय पाहिली. दोघंही सगळे लेख एका एक्सएमएल फाइलीत बांधून देतात, आणि ब्लॉगरची फाइल वर्डप्रेस उघडून आत घेतं. फोटो मात्र त्या फाइलीत नसतात, फक्त ते कुठे आहेत त्याचा पत्ता असतो. पत्रिकांचे स्कॅन म्हणजे वेगळे जपायचे. पेन ड्राइव्ह, आणि एक प्रत मुलाकडे.

संक्रांत

ब्लॉगर घेतलं. मुलगा म्हणाला, "तुम्हाला पाहिजे ते करा, अण्णा." म्हणजे त्याला पटलेलं नाही.

पहिला लेख टाकला, नवरीचं नाव मामांच्या ओळीत गेल्याचा. लिंक हाताने. प्रसिद्ध केल्याबरोबर, कुणाला कळवण्याआधी, बॅकअप उतरवला आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. कंसांचं आणि खुणांचं रान. खाली खाली गेलो. मध्ये एका जागी स्वच्छ, काना-मात्रेसकट: "आजी हसायला लागल्या."

मग मेहुण्याला लिंक पाठवली. त्याचं उत्तर आलंय, तिळगूळ घ्या.