सांध्यावरचा गंधार

वडिलांचा मिरजेत केलेला तंबोरा आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात असतो आणि आजही तो त्यांच्या काळी एकातच (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावलेला असतो. स्पीकरची नवी जोडी तयार झाली तेव्हा परीक्षेसाठी मी प्रथम त्याच तंबोऱ्याचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले. खरे वाद्य त्याच खोलीत हाताशी असताना दुसऱ्या कशाशी तुलना करायची? ध्वनिमुद्रण लावले, खर्ज भरदार आला, जवारीही (तारांचा झणकारही) स्वच्छ वाटली आणि मी समाधानाने बसलो. गाणे शिकणारी माझी मुलगी दोनच मिनिटे ऐकून म्हणाली, "बाबा, खर्ज छान येतोय, पण ह्यातनं गंधारच येत नाही."

तिचे म्हणणे खरे आहे, हे ताडून पाहायला कागद आणि पेन्सिल पुरेशी होती. काळी एकाचा षड्ज सुमारे 138.6 हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार 69.3 हर्ट्झची. तंबोरा चांगला मिळाला की कोणी न छेडता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच तारेचा पाचवा हार्मोनिक होय, 69.3 गुणिले 5 म्हणजे 346.5 हर्ट्झ. माझ्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे आवाज निरनिराळ्या स्पीकरांत वाटून देणाऱ्या भागात, खालच्या स्वरांच्या वूफरने काम सोडून मधल्या स्वरांच्या मिडने ते हाती घ्यायची जागा, म्हणजे सांधा, होती 350 हर्ट्झ. गंधार नेमका सांध्यावर बसत होता आणि सांधा बिघडलेला होता.

आता रचना सांगतो. प्रत्येक खोक्यात 10 इंची वूफर, 5 इंची मिड आणि वरच्या स्वरांसाठी 1 इंची डोम ट्वीटर आहे. नेहमीच्या स्पीकरमध्ये एकाच अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज खोक्यातल्या कॉइल आणि कपॅसिटरमधून तीन वाटांनी विभागला जातो. माझ्याकडे ही विभागणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच, आकड्यांच्या पातळीवर होते: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कॅमिलाडीएसपी हे मुक्त सॉफ्टवेअर चालते, आठ चॅनेलचे साउंड कार्ड त्यातले सहा चॅनेल बाहेर काढते आणि प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर व स्वतंत्र ड्रायव्हर (वूफर, मिड किंवा ट्वीटर) असतो. याचा मोठा फायदा असा की सांध्याची जागा, उतार, पातळी आणि डिले (विलंब) हे सारे एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता व बदलता येते. डाग देण्याचे सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावे लागत नाही. धोकाही त्यातच आहे, कारण फाइलमध्ये लिहिलेले म्हणजे स्पीकरमध्ये घडलेले, असे मन फार लवकर मानू लागते.

माझेही तसेच झाले. फाइलमध्ये 350 आणि 2400 हर्ट्झवर लिंक्विट्झ-रायली पद्धतीचे 24 डेसिबल उताराचे (दर सप्तकाला आवाज तेवढा घटवणारे) फिल्टर लिहिले होते. सिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखली जाणारी आणि लिंक्विट्झ यांच्या 1976 मधल्या लेखामुळे प्रसिद्ध झालेली ही मांडणी फार सुंदर आहे: दुसऱ्या ऑर्डरचे, म्हणजे 12 डेसिबल उताराचे, दोन बटरवर्थ फिल्टर एकापुढे एक ठेवायचे, म्हणजे सांध्यावर दोन्ही बाजू 6 डेसिबलने खाली येतात, दोघींची फेज (लाटेच्या चढउताराची वेळ) एकच राहते आणि बेरीज सपाट होते. तरीही आमच्या मापनात 350 च्या आसपास सुमारे 8 डेसिबलचा खड्डा दिसत होता. तो खोलीचा दोष समजून मी क्रॉसओव्हरच्या आधी इक्वलायझरने ती जागा 8 डेसिबलने उचलली. गंधार आला, पण खुर्चीवरून उठून उभे राहिले की तो अंगावर येई, कारण डोके वर गेल्यावर मिडचे आणि वूफरचे अंतर सारखे बदलत नाही आणि दोघांतली फेज सरकते. शिवाय गंधाराच्या त्या एका जागेसाठी संपूर्ण प्रणालीची पातळी 8 डेसिबल खाली आणावी लागली, नाहीतर आकडे कमाल मर्यादेला धडकून आवाज फाटला असता.

खरे कारण एका पेन्सिल सेलने दाखवले. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक ड्रायव्हरच्या धन टोकाला क्षणभर लावले की कोन बाहेर यायला हवा. वूफरचा आला, मिडचा आत गेला. मागच्या पट्टीवर वायरींचे रंग मी स्वतः उलटे जोडले होते, आणि दोन्ही खोक्यांत अगदी सारखेच उलटे जोडल्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंच्या तुलनेत काहीच खटकत नव्हते. (ही चाचणी वूफरवर आणि मिडवर करावी, ट्वीटरवर करू नये, त्याची नाजूक कॉइल थेट (डीसी) प्रवाहासाठी नसते.)

वायरी सुलट केल्या, इक्वलायझर काढला, खड्डा भरला. इथे मी थांबलो असतो, पण एक गोष्ट मनातून जाईना. लिंक्विट्झ-रायलीच्या सांध्यात दोन्ही बाजूंची फेज खरोखर एक असेल, तर एक बाजू उलटी केल्यावर दोघी एकमेकींना जवळजवळ पूर्ण पुसून टाकतात आणि खड्डा 30 डेसिबलच्या घरात जायला हवा. माझा खड्डा फक्त 8 डेसिबलचा होता. गणिताने हे अंतर 45 ते 50 अंशांच्या फेजच्या चुकीचे येते. गंमत अशी की वायरी सुलट असताना इतकी चूक बेरजेतून पाऊण डेसिबलच कमी करते. आलेखावर नजर तिच्यावरून सरकून जाते. म्हणूनच एक बाजू मुद्दाम उलटी करून खड्ड्याची खोली पाहणे ही या कामातली सर्वांत प्रामाणिक चाचणी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. सरळ बेरीज चुका झाकते, उलटी बेरीज त्या उघड करते.

ती चूक आली कुठून? मिड एका लहान बंद कप्प्यात बसवला आहे आणि त्या कप्प्यामुळे तो स्वतःच 160 हर्ट्झच्या खाली उतरू लागतो. 350 वर या नैसर्गिक उताराने पातळी जेमतेम 0.2 डेसिबलने कमी होते, पण फेज मात्र सुमारे 39 अंशांनी पुढे जाते. उरलेले काही अंश वूफरच्या कोनाची खोली आणि त्याचा स्वतःचा उतार यांच्या वजाबाकीतून आले. थोडक्यात, मी लिहिलेल्या 24 डेसिबलच्या उताराला ड्रायव्हरने आपला 12 डेसिबलचा उतार जोडला होता. उपाय असा केला की ड्रायव्हरचा तो नैसर्गिक उतारच क्रॉसओव्हरचा अर्धा भाग म्हणून वापरला: लिंक्विट्झ ट्रान्सफॉर्म नावाच्या फिल्टरने मिडची 160 हर्ट्झची जागा 350 वर नेली, क्यू (उताराच्या वळणाचा टोकदारपणा) 0.707 ठेवला आणि पुढे 350 चा दुसऱ्या ऑर्डरचा एकच बटरवर्थ फिल्टर लावला. फाइलमध्ये आता तिथे 24 डेसिबल कुठेही लिहिलेले नाही, पण हवेत पोहोचणारा उतार नेमका तेवढा आहे. मिडला थोडा डिले देऊन उलटी चाचणी पुन्हा केली तेव्हा खड्डा 30 डेसिबलच्या जवळ गेला.

मापनाविषयी दोन शब्द, कारण वरचे सारे त्यावरच उभे आहे. मी कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. खोके टेबलावर चढवून मायक्रोफोन 1 मीटर अंतरावर आणि जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर ठेवला की जमिनीवरून उलटलेला आवाज थेट आवाजानंतर सुमारे 5.7 मिलिसेकंदांनी येतो. त्याआधीचा भागच घेतला तर खोली मापनातून वगळली जाते, मात्र मग सुमारे 175 हर्ट्झच्या खालचे काही सांगता येत नाही. तिथे मायक्रोफोन कोनाच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर नेऊन मोजावे. आणखी एक अडचण अशी की यूएसबी मायक्रोफोनचे आणि साउंड कार्डचे घड्याळ वेगळे असते, त्यामुळे दोन मापनांमधल्या वेळेचा फरक विश्वासार्ह राहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीचाच वेळ-संदर्भ घेण्याची सोय आहे: प्रत्येक मापनाच्या वेळी दुसऱ्या खोक्यातून एक छोटा इशारा वाजतो आणि वेळ त्यापासून मोजला जातो. ही खूण न लावता काढलेल्या फेजच्या आलेखांवर मी पहिले दोन रविवार वाया घालवले.

वरच्या 2400 हर्ट्झच्या सांध्यावर प्रश्न उताराचा नव्हता, अंतराचा होता. डोम पुढे असतो आणि मिडच्या कोनाचा उगम मागे. माझ्या खोक्यात हा फरक सुमारे 2 सेंटिमीटर आहे. ध्वनीला 2 सेंटिमीटर जायला 58 मायक्रोसेकंद लागतात, आणि 2400 हर्ट्झवर एवढ्या वेळाचे 50 अंश होतात. समोर बसून ऐकताना याने एक डेसिबलही जात नाही. पण मिड आणि ट्वीटरच्या मध्यबिंदूंमध्ये 13 सेंटिमीटर अंतर असल्यामुळे दोघांच्या आवाजाची मुख्य दिशा जवळजवळ 9 अंश खाली झुकते. अडीच मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा सुमारे 39 सेंटिमीटर खाली ती पडते. तोच माणूस उभा राहिला तर सांध्यावर 7 डेसिबलचा खड्डा ऐकतो. ट्वीटरला मिडच्या तुलनेत 48 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 48,000 सॅम्पल) 3 सॅम्पलचा, म्हणजे 62.5 मायक्रोसेकंदांचा डिले दिल्यावर उभ्या माणसाचा खड्डा 2 डेसिबलवर आला. षड्जाच्या तारेचा सतरावा हार्मोनिक याच जागी, 2356 हर्ट्झच्या आसपास पडतो. तारेखालचा जवारीचा दोरा किंचित सरकवला की हार्मोनिकांची एक लाट खालून वर चढत जाते. आधी ती या जागी क्षणभर अडखळल्यासारखी वाटायची, आता सलग जाते.

पातळी जुळवणे त्यामानाने सोपे. ट्वीटर मिडपेक्षा जोरात वाजतो, म्हणून तो 3.5 डेसिबल खाली घेतला. लिनियर फेजचे (फेज न बिघडवणारे) एफआयआर फिल्टरही करून पाहिले. 48 किलोहर्ट्झवर 4096 टॅपच्या (गुणकांच्या) फिल्टरने आवाज सुमारे 43 मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तबल्याच्या थापेआधी फिल्टरची स्वतःची किंचित थरथर येण्याची शक्यता असते. मला त्या बदल्यात ऐकण्यात काही लाभ जाणवला नाही, म्हणून साधे फिल्टरच ठेवले.

चालवण्याच्या शिस्तीकडे मात्र मी उशिरा वळलो आणि त्याची किंमत एका ट्वीटरने मोजली. नवी फाइल लिहिताना 2400 ऐवजी 240 लिहिले गेले. एक शून्य राहिले आणि आवाज चढवल्यावर मिनिटभरात डोम गप्प झाला. आता प्रत्येक ट्वीटरच्या वाटेत 33 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आहे. 8 ओहमच्या ट्वीटरसाठी तो 600 हर्ट्झच्या खालचे कमी करत जातो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा थेट प्रवाह पूर्ण अडवतो. 2400 वर त्यामुळे फेज थोडी बदलते, पण कपॅसिटर लावूनच मापन केल्यामुळे तो बदल हिशेबात आला आहे. नवी फाइल प्रथम ट्वीटर सोडवून, त्याजागी जुना स्पीकर लावूनच वाजवतो.

दुसरा धोका आमच्या गल्लीतल्या विजेचा. वीज जाऊन लगेच आली की अ‍ॅम्प्लिफायर क्षणात जागे होतात, तर रास्पबेरी पायला सुरू व्हायला अर्धे मिनिट लागते, आणि साउंड कार्ड सुरू होतानाचा ठोका थेट ट्वीटरपर्यंत पोहोचतो. उद्यमनगरात लेथ असलेल्या मित्राला हे सांगितले तेव्हा त्याने त्याच्या मशिनचा स्टार्टर दाखवला. "लाईट गेली नि आली की लेथ आपोआप फिरायला लागला तर हात जाईल की रे. म्हणून कॉइल सुटली की सुटली. हिरवं बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही." तसाच 230 व्होल्टच्या कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच), हिरवे आणि लाल बटण मी अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइनवर बसवले. आधी रास्पबेरी पाय सुरू करायचा, फाइल लागल्याचे मोबाइलवर पाहायचे, मग हिरवे बटण. बंद करताना प्रथम लाल.

लिमिटरविषयी, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणाऱ्या सोयीविषयी, एक गोष्ट सांगायची राहिली. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या गाडीवरही असाच प्रोसेसर असतो, आणि तो चालवणाऱ्या मुलांना लिमिटर लावला की सारे सुरक्षित झाले असे वाटते. लिमिटर कॉइल आणि कोन वाचवतो; ज्याच्या खिडकीसमोर गाडी उभी आहे त्याचे कान तो वाचवत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती पाळणे न पाळणे मुख्य गेनवरच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणावरच्या) हातावर अवलंबून राहते.

दोन्ही सांधे बसल्यावर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. मुलगी खरा तंबोरा मांडीवर घेऊन बसली, ध्वनिमुद्रणाशी तारा जुळवल्या आणि मला हात करून आवाज बंद करायला सांगितला. तंबोरा वाजत राहिला. गंधार होता त्याच जागी होता. मग तिने तारांवर हात ठेवला, मी आवाज पुन्हा चालू केला आणि ती म्हणाली, "आता आहे. पण डावीकडचा जरा मोठा वाटतोय." मोजले तर डाव्या मिडची पातळी अर्ध्या डेसिबलने जास्त निघाली. तेवढी कमी करून फाइल जपून ठेवली आहे.