तोंड उताराला लावलेली जिप्सी

गाडी माझ्याकडे आली तेव्हा चालू होती, आणि खरी पंचाईत तीच होती. बंद पडलेली गाडी बरी, तिचं दुखणं समोर दिसतं. आंबोलीहून घाट उतरून आलेली ही जिप्सी गॅरेजच्या दारात एका चावीत सुरू होत होती, दहा वेळा बंद केली तरी दहा वेळा सुरू होत होती. आणि गाडीचे मालक काका सांगत होते, "सकाळी चालू होणा नाय रे. फक्त टक् करता. पायाकडे पाणी भरता ता वेगळाच."

मी सावंतवाडीत गाड्यांचं वायरिंगचं काम करतो. बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, दिवे. पाणी गळतीचं काम खरं तर माझं नाही, ते पत्र्यावाल्याचं. पण काकांनी दोन्ही तक्रारी एका दमात सांगितल्या, म्हणून मीही दोन्ही एकत्र ऐकल्या.

गाडी २००३ सालची, कडक टपाची, पेट्रोलवरची. काकांचा आंबोलीत होमस्टे आहे. जुलैत रात्री बेडूक बघायला माणसं येतात, त्यांना फिरवायला ही फोर बाय फोर. आंबोलीचा पाऊस आमच्यापेक्षाही वेगळा, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. तिथे गाडी आठ-आठ दिवस सुकत नाही. तोपर्यंत काकांनी बॅटरी नवी टाकली होती. एका ठिकाणी स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, खोलून आतले ब्रश आणि बेंडिक्स हे भाग बदलले होते, महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी तिचं आर्मेचरही. पाण्यासाठी पुढच्या काचेच्या कडेने कोणीतरी काळं सिलिकॉन असं फासलं होतं, जसं पावावर लोणी. तरी टक्, आणि तरी पाणी.

आधी पाणी घेतलं. रबरी मॅट काढली, खालचा फोम पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं. ड्रायव्हरच्या पायाशी जास्त, बाजूला कमी. ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, नाही ना, हे पहिलं बघायचं. बोटांवर चोळलं, चिकट लागलं नाही, गोडसर वासही नव्हता. रेडिएटर भरलेला. म्हणजे पाणी आभाळातलंच.

मग फोम काढून खालचा पत्रा पुसून कोरडा केला आणि त्यावर टाल्कम पावडर पसरली. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या डेंटरने शिकवली होती. पावडरीवरून पाण्याचा थेंब गेला की त्याची वाट उमटून राहते, म्हणजे पाणी कुठून आलं हे त्याच्या पायाच्या ठशावरून कळतं. आमचा पोरगा आत टॉर्च घेऊन बसला, मी बाहेरून पाइप धरला. पाइप नेहमी खालून वर न्यायचा. वरून सोडलं तर पाणी सगळीकडेच पोचतं आणि कुठल्या भोकातून आत आलं ते सांगता येत नाही. दाराचा उंबरठा, दाराचं रबर, चाकाची कमान, बॉनेटच्या मागची जाळी, काचेखालचं रबर, सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. दोन तास गेले. आतून पोरगा दर थोड्या वेळाने ओरडायचा, "कोरडा!" पावडर जशी पसरली तशीच पांढरी.

बाहेर खराखुरा पाऊस लागला होता आणि आम्ही शेडखाली नळाच्या पाण्याने गाडी धूत बसलो होतो. समोरच्या टपरीवाल्याला काय वाटलं असेल ते असो.

चहा पिताना मी काकांना सहज विचारलं, की रात्री गाडी कुठे लावता.

"दारातच. तोंड उताराकडे करून लावतंय. नायतर सकाळी ढकलूक माणसा खंय शोधू? सोडली की घाटाकडे आपसूक धावता, दुसऱ्या गिअरात क्लच सोडलो की चालू."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. माझ्या शेडची जमीन सपाट. आतापर्यंतची सगळी तपासणी सपाट जमिनीवर झाली होती. सपाट उभ्या गाडीच्या टपावरचं पाणी दोन्ही बाजूंच्या पन्हाळीत पडतं आणि मागे-पुढे वाटून जातं. तोंड खाली केलं की तेच सगळं पाणी पुढच्या दोन कोपऱ्यांत जमा होतं.

शेडमधून रस्त्यावर उतरणारा एक छोटा उतार आहे, गाड्या ढकलून काढायला केलेला. जिप्सी त्यावर उभी केली, तोंड रस्त्याकडे, मागच्या चाकांना दगड. पाइप फक्त टपाच्या मध्यभागी, धार अगदी बारीक. सहाव्या की सातव्या मिनिटाला आतून आवाज आला, "आला आला! खांबातून आला!"

आत डोकं घातलं. पुढच्या काचेच्या उजव्या खांबाच्या आतून एक लाल वायर खाली येत होती आणि तिच्यावरून पाणी घरंगळत होतं, थेंबामागून थेंब, माळेतले मणी ओघळावेत तसं. वायर सरळ खाली, डॅशबोर्डमागे, थेट फ्यूज बॉक्सवर. तिथून पाणी एका कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर, पडून मग पायाशी. पावडरीवर बोटभर रुंद ओली रेघ उमटली होती.

वायर कसली, तर टपावर लावलेल्या जादा दिव्यांच्या पट्टीची. कधीतरी कुठल्याशा दुकानात बसवून घेतली होती. बसवणाऱ्याने टपाच्या कोपऱ्यात भोक पाडलं, ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, न घालता वायर ओढली आणि वरून सिलिकॉनचा गोळा चिकटवला. आता तो गोळा नखाने उचकटून हातात आला. खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या वायरीलासुद्धा आमचे लाइनमन खाली झोल देतात, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं, घरात शिरत नाही. इथे झोल नव्हता. वायर म्हणजे पाण्याला उतरायला दिलेली शिडीच.

आता दुसरी तक्रार. मी पाणी बंद केलं नाही, अजून वीस मिनिटं तसंच चालू ठेवलं. मग काकांना म्हटलं, चावी मारा.

टक्.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतके महिने जो आजार कुठल्याच मेकॅनिकला दिसला नाही, तो चार वाजता भर गॅरेजात हजर. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

मीटर लावला. बॅटरी १२.५ व्होल्ट. गाडी न्यूट्रलला आहे आणि दगड जागेवर आहेत याची खात्री करून बॅटरीतून एक वायर थेट स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे चावी फिरवली की मोटरला करंट जोडून देणाऱ्या विजेच्या खटक्याच्या, बारीक टर्मिनलला टेकवली, तर इंजिन घर्रकन फिरलं. म्हणजे मोटर धडधाकट, अर्थिंग धडधाकट. दोन वेळा खोललेल्या त्या स्टार्टरचा काही गुन्हाच नव्हता. मग पोरग्याला चावी धरून ठेवायला सांगितली आणि त्याच टर्मिनलवर मोजलं. ७.४. बाकीचे पाच व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जात होते. सोलेनॉइडला एवढ्यात आतला दांडा पुरता ओढता येत नाही, तो नुसता टक् करून गप्प बसतो. चावीपासून एकेक जोड मोजत गेलो. त्या ओल्या कपलरच्या अलीकडे १२.१, पलीकडे ७.४.

कपलर उघडला. चावीकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या वायरीची पिन हिरवीगार, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी. तारेचे निम्मे धागे बोट लावताच तुटले. आधीच्या मंडळींना दोष देत नाही. टेस्ट लॅम्प लावला तर तो इथे पेटतो. त्याला पाव-अर्धा अँपिअर पुरतो आणि तेवढा करंट सडलेल्या पिनेतूनही जातो. सोलेनॉइड लागलीच दहाएक अँपिअर मागतो, तेव्हा पिनेचं पितळ उघडं पडतं. शिवाय गाडी घाट उतरून येईपर्यंत हादऱ्याने आणि गरम होऊन पिना पुन्हा टेकायच्या, त्यामुळे गॅरेजच्या दारात सगळं झकास.

म्हणजे काकांचं असं झालं होतं: गाडी चालू होत नाही म्हणून तोंड उताराला, तोंड उताराला म्हणून पाणी कपलरवर, आणि पाणी कपलरवर म्हणून गाडी चालू होत नाही. मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मीच तिका आजारी पाडत होतंय?"

"पहिल्यांदा नाही काका. पहिल्यांदा त्या भोकाने पाडली. नंतर तुम्ही."

काम तसं फार नव्हतं. सडलेला भाग कापून नव्या पिना, वर स्लीव्ह. फ्यूज बॉक्स काढून ब्रशने साफ केला. स्टार्टरला एक रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा खटका, दिला, म्हणजे चावीच्या वायरीवर फक्त रिलेचा भार, आणि सोलेनॉइडला बॅटरीतून फ्यूजमार्गे सरळ जाड वायर. टपाच्या भोकात ग्रोमेट, वर सीलंट, आणि दिव्यांच्या वायरीला चांगला वीतभर झोल. काचेवरचं ते लोण्यासारखं सिलिकॉन मात्र तसंच ठेवलं. खरवडायला दिवस गेला असता आणि त्याचा पाण्याशी काही संबंधही नव्हता.

सीलंट सुकायला गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतारावर तोंड खाली करून अर्धा तास पाइप सोडला. पावडर पांढरी. चावी मारली, सुरू. काका खूश झाले, म्हणाले, "आता सपाटार लावतंय बाबा, आंगणात."

मी म्हटलं, "नाही. आज रात्री तशीच लावा, नेहमीसारखी तोंड उताराला. माझ्या पाइपाने आंबोलीचा पाऊस पडत नाही. सकाळी चालू झाली तर नुसता एक मिस्ड कॉल द्या. नाही झाली तर पुरती रिंग वाजू द्या."

त्या रात्री आमच्याकडेच पत्रे वाजत होते, वर घाटात काय असेल कोण जाणे. सकाळी सातला मी दात घासत होतो आणि फोन वाजला. ब्रश तोंडात तसाच धरून मोजत राहिलो. एक रिंग. मग बंद.