५८ वरचा बाक

मिठाच्या वाफेवर काम करतो म्हटलं की लोक हसतात. सेलमध्ये, म्हणजे बारीक भोक असलेल्या तापवलेल्या कुपीत, शुद्ध सोडियम क्लोराइड असतं, तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास. एवढ्यात मीठ वितळतही नाही, त्याला ८०१ लागतात. पण सेलच्या बारीक भोकातून रेणू बाहेर पडू लागतात. त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा, त्यांची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची आणि आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू, किती ऊर्जेपासून दिसायला लागतो ते बघायचं. यंत्र आयनांना वस्तुमानाप्रमाणे वेगळं करतं; पुढचे २३, ५८, ६० हे आकडे म्हणजे ती वस्तुमानं.

गोची अशी, की हा रेणू आयन होऊन टिकतच नाही. इलेक्ट्रॉन निघतो तो क्लोरीनकडचा, आणि त्याबरोबर दोघांना बांधून ठेवणारी ओढच जाते. त्यामुळे २३ वर सोडियमचा डोंगर, ८१ वर जोडरेणूंचे (मिठाचे दोन रेणू चिकटून झालेल्यांचे) तुकडे, आणि आम्हाला हवा असलेला अख्खा रेणू ५८ वर कसाबसा.

त्या दिवशी ५८ चा आलेख बघून आमचा गणितवाला सहकारी खुर्चीतून उठलाच. त्याच्या हिशेबानं पहिला उंबरठा, म्हणजे आयन व्हायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, ८.९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ, आणि वर काही दशांशांवर आयनाची दुसरी अवस्था. आलेखात ९.७ ला स्वच्छ बाक, रेघ तिथून एकदम वर वळलेली. ‘दिसली की नाही?’ जेवायच्या सुट्टीपर्यंत त्याची स्लाइडही तयार.

मला तो बाक फारच स्वच्छ वाटला. आमच्या तापलेल्या फिलामेंटमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतच अर्ध्या व्होल्टाचा पसारा असतो; तिथे इतकं रेखीव काही दिसलं की आधी संशय घ्यावा. ६० चा आलेख काढला. क्लोरीनच्या ३५ आणि ३७ या समस्थानिकांमुळे (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) ५८ आणि ६० साधारण तिनास एक असायला हवेत. ९.७ च्या खाली तसे होते. वर मात्र ५८ एकटंच सुसाट, ६० ला बाकाचा पत्ता नाही. रेणूंच्या वाटेतलं शटर बंद केलं तरी ५८ हलेना. मग ४३ बघितलं, आणि उलगडा झाला: अ‍ॅसिटोन, त्याचा नेहमीचा तुकडा ४३ वर येतो. वस्तुमान ५८, आयनीकरण ऊर्जा ९.७०. कुणीतरी आयन स्रोताचे (जिथे इलेक्ट्रॉनांचा मारा होतो त्या जागेचे) भाग अ‍ॅसिटोननं धुऊन, न तापवता तसेच बसवले होते. ‘पंप आहे ना, ओढून घेईल’ हे आमच्याकडचं तत्त्वज्ञान! वर वेळ वाचवायला शटर बंद ठेवून घ्यायची मोजणी कुणीतरी प्रोग्रॅममधून काढून टाकलेली. ऊर्जेचं मोजमाप बरोबर लागलंय याचा पुरावा तेवढा फुकटात मिळाला.

स्लाइड गेली. सहकाऱ्यानं मात्र एकच विचारलं, ‘अ‍ॅसिटोन वजा केलंस, तर माझी अवस्था नाही असं म्हणतोस का?’ तसं मला म्हणता येत नाही. ६० चा संकेत एक तृतीयांश, त्यात हा पसारा, त्यात गरम रेणूंमुळे उंबरठ्याला आलेलं शेपूट. त्या शेपटावर आम्ही दोघांनी रेघ ओढली तर उत्तरात ०.२ चा फरक पडतो, आणि साहेबांना तक्त्यात दोन दशांश हवेत. हीलियमच्या २१.२२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रकाशानं तपासलं तर ती अवस्था वेगळी दिसू शकेल. ते यंत्र आमच्याकडे नाही.