मनगट सोडवायला शिकलात, पण समोरचा सोडायलाच तयार नसला तर?

पोरीला स्वतःच्या बचावासाठी कराटेला घालू की ज्युडोला, की ते इस्रायली क्राव्ह मागा बरं, असं फोंड्यातल्या ओळखीच्या आया मला विचारतात तेव्हा मी उलट एकच विचारते, त्या क्लासात समोरची मुलगी खरोखर विरोध करते का? म्हणजे मनगट धरलं की जोर लावून धरते, सुटायला लागलं की परत पकडते, ढकलते, की नुसती हात पुढे करून उभी राहते? स्टाइलचं नाव नंतर बघू. माझ्या मते सगळं यावरच आहे.

बघा ना, मनगट सोडवायची ट्रिक आता सगळ्यांनाच माहीत असते. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती पकडीतली कच्ची जागा, तिकडे आपलं मनगट वळवायचं, कोपर पुढे घालायचं आणि अख्ख्या अंगाने ओढायचं. बरोबर आहे ते. पण एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये मैत्रीण हसत हसत मनगट धरते, आपण झटका दिला की सोडते, टाळ्या पडतात, सर्टिफिकेट मिळतं आणि पोरगी घरी येते ती आपल्याला आता जमतं असं समजून. मला याची खरंच चीड येते. खरा माणूस तसा धरत नाही हो. तो धरून ओढतो, मोकळ्या हाताने केस पकडतो नाहीतर भिंतीला दाबतो, आणि त्याच वेळी आपल्या छातीत धडधड, तोंडाला कोरड, हात थरथरतात, बोटांची बारीक कामं जमेनाशी होतात, आजूबाजूचं दिसेनासं होतं. तेव्हा शरीर तेवढंच करतं जे त्याने जोर लावणाऱ्या माणसासमोर पुन्हा पुन्हा केलेलं असतं, बाकी सगळं विसरतं.

मी ज्युडो करते त्यामुळे माझा थोडा पक्षपात असणारच, पण ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी यात जो विचार केला तो मला फार मोठा वाटतो. १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध देवळात १२ चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान, म्हणजे ज्युडोची शाळा, सुरू केलं. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जास्त धोक्याचे प्रकार त्यांनी काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या, सरावात ठेवले आणि रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीत, असेच डाव ठेवले जे पूर्ण ताकदीने टाकले तरी जोडीदार उठून परत उभा राहील. वरवर वाटतं कला मऊ केली, पण झालं उलट. डोळ्यात बोट घालायचा सराव कुणावर पूर्ण जोराने करता येत नाही, म्हणून तो कायम अर्धवटच राहतो, आणि ओसोतो-गारी, म्हणजे पाय मागून उडवून पाडायचा डाव, मात्र रोज एका चिडलेल्या, नको म्हणणाऱ्या, आपल्यापेक्षा जड माणसावर टाकता येतो, म्हणून तो अंगात भिनतो.

म्हणजे काता निरुपयोगी असं मी अजिबात म्हणत नाही, कराटेवाल्यांनी रागावू नये. गिचिन फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून तोक्योला कराटे घेऊन गेले तेव्हा कातासकटच गेले. आपल्या डिचोली-सत्तरीकडची शिगम्यातली घोडेमोडणी डोळ्यासमोर आणा, कमरेला घोडा, हातात तलवार, ढोलताशांवर पडणारी पावलं, त्यात लढाईची आठवण जपलेली आहे आणि ती पाहताना अंगावर काटा येतो. काताही तशीच आठवण आहे, त्यातून तोल येतो, पाय कुठे टाकायचा ते कळतं. पण त्याच्याबरोबर कुमिते, म्हणजे जोडीदाराशी झुंज, पाहिजे, समोरून खरा ठोसा येताना डोळे उघडे ठेवायची सवय पाहिजे, नाहीतर ग्रेडिंग होत जातं, बेल्टचे रंग बदलत जातात आणि पोरीने एकदाही खरा धक्का खाल्लेला नसतो.

जमिनीवरची कुस्ती पण शिका, १९९३ साली डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांच्या स्पर्धेत, रॉयस ग्रेसीने मोठमोठ्या माणसांना एका रात्रीत हरवून दाखवलं ते त्याच जोरावर. मात्र तिथे एकच प्रतिस्पर्धी होता आणि खाली मॅट होती. म्हापसा मार्केटच्या मागच्या गल्लीत डांबर आहे आणि हल्लेखोराचा दोस्त कुठून येईल माहीत नाही, म्हणून जमिनीवर गेल्यावर शिकायचं ते मुख्यतः उठून उभं कसं राहायचं हे.

आणि पडायला शिका! आयुष्यात सगळ्यात जास्त कामाला येईल ती उकेमी, म्हणजे न लागता पडायची पद्धत. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात पसरून तळहातासकट जमिनीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, अंगणात पाय सरकतो, हल्लेखोर भेटो न भेटो पण पावसात पडणं काही चुकत नाही. कितीतरी मनगटं अशीच मोडतात, पडताना हात सरळ टेकल्यामुळे.

सगळ्याच्या आधी मात्र पाय आणि आवाज. फोन मागितला, पर्स मागितली, टाकून द्या आणि पळा. कदंबाच्या सरकारी बसमध्ये कुणी जास्तच चिकटत असेल तर पोटातून ओरडायचं, "मागे व्हा!", कोकणीत ओरडा, मराठीत ओरडा, पण अख्ख्या बसला ऐकू गेलं पाहिजे. आमच्या मुलींना ठोसा मारायला लवकर जमतो, ओरडायला मात्र लाज वाटते, म्हणून ओरडायचाही सराव क्लासात करून घ्यायला हवा, आणि ११२ नंबर पाठ हवा.

कायद्याचं थोडक्यात, कारण आया हे पण विचारतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाबद्दल आहेत. बचावाला जेवढं लागेल तेवढं करायचा हक्क आहे, त्यापेक्षा जास्त नाही. तो पळून गेल्यावर मागे धावून मारलं तर तो बचाव राहत नाही. बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असल्या प्रसंगात कायदा खूप पुढपर्यंत मोकळीक देतो, ते कलम ३८ मध्ये आहे, मोठ्या मुलींना जरूर वाचायला द्या.

तर क्लास शोधताना फीच्या आधी सरांना सांगा, एक तास बसून बघू द्या. नको म्हणाले तर दुसरीकडे जा. बघताना ट्रॉफ्यांचं कपाट नका बघू, शेवटची वीस मिनिटं बघा, पोरं एकमेकांशी झुंजतात का, थांब म्हटल्यावर समोरचा ताबडतोब थांबतो का, मोठी मुलं लहानांना सांभाळून पाडतात का. आणि पहिल्या महिन्यात पोरगी घरी येऊन म्हणाली की मला सगळे सारखे पाडतात, तर लगेच क्लास बंद करू नका, पहिल्या महिन्यात तेच व्हायचं असतं.