शातो-शालोंला जाणार असाल तर

१९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या चार सालांची शातो-शालों वाइन कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही. त्या वर्षी द्राक्षं हवी तशी पिकली नाहीत, म्हणून ते नाव बाटलीवर लागलंच नाही. आमच्याकडे नाशिकला द्राक्षाचं वर्ष वाया गेलं की काय होतं ते जवळून पाहिलेलं आहे. त्यामुळे हातचं पीक असताना स्वतःचंच नाव मागे घेणारं हे गाव मला बघायचंच होतं.

गाव पूर्व फ्रान्समध्ये, ज्युरा भागात, एका उंच कड्यावर आहे. कड्याखालच्या उतारांवर करड्या-निळसर चिकण मातीत मळे. शातो-शालों धरून चार गावांच्या शिवारात मिळून सगळं क्षेत्र पन्नासेक हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वाशे एकर. वरच्या सज्जातून जवळजवळ सगळं एका नजरेत येतं. कड्यावर पूर्वी बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ होता आणि तिथे खानदानी घराण्यांतल्या मुलींनाच प्रवेश मिळे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ गेला, त्याचे थोडे अवशेष आणि दगडी छपराचं जुनं चर्च उरलंय.

नियम सांगतो, कारण ते माहीत असल्याशिवाय इथे येण्यात अर्थ नाही. द्राक्ष एकच, सावान्यां. या नावाने वाइनही एकच बनते, ती म्हणजे व्हाँ जोन, पिवळी वाइन. काढणीआधी पाहणी समिती मळ्यांतून फिरते आणि द्राक्ष पुरेसं पिकलंय की नाही ते ठरवते. पुढे वाइन ओकच्या पिंपात जाते. उडून कमी झाली तरी वरून भर घालायची नाही, ही यातली मुख्य अट. मग मोकळ्या पृष्ठभागावर यीस्टचा पापुद्रा धरतो, तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. त्याच्याखाली वाइन निदान ६० महिने राहिली पाहिजे आणि काढणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ती पिंपातून हलवता येत नाही. २०१८ची द्राक्षं विक्रीला आली ती २०२५मध्ये. एका लिटरमागे ६२ सेंटिलिटर उरतात असं इथे मानतात, म्हणून बाटलीही तेवढीच. आखूड मानेच्या, रुंद खांद्यांच्या या बाटलीला क्लावलां म्हणतात.

ज्या तळघरात आम्हाला नेलं ते थंडगार असेल असं वाटलं होतं, तसं नव्हतं. ऋतूप्रमाणे तिथलं तापमान वरखाली होतं आणि पापुद्र्याला तेच मानवतं. मालकांनी पापुद्रा फाटू नये म्हणून पिंपाच्या खालच्या अंगाची बारीक खुंटी काढून ग्लासात धार धरली. वास आला तो आधी अक्रोडाचा आणि पाठोपाठ, अगदी स्पष्ट, भाजलेल्या मेथीदाण्यांचा. हा भास नाही. सोटोलॉन नावाचा जो पदार्थ मेथीला तिचा वास देतो, तोच या वाइनमध्ये तयार होतो. चव ठणठणीत कोरडी आणि आंबट, घोट गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळणारी. पहिल्या घोटाला बरेच जण तोंड वाकडं करतात. लगेच मत बनवू नका, सोबत कोंते चीजचा तुकडा खा आणि मग दुसरा घोट घ्या. शाकाहारी मंडळींनी मात्र लक्षात ठेवा, कोंते वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणासारख्या पदार्थाने बनतं.

हे कडक नियम हौसेने आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ज्युरात सुमारे २०,००० हेक्टर द्राक्षं होती. फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली, मागून युद्धं आली. आज उरलेत जेमतेम २,००० हेक्टर. भरीला भलत्याच ठिकाणची वाइन नामांकित गावांच्या नावाने खपायची. १९३५च्या कायद्याने नाव, जमीन आणि पद्धत एकत्र बांधली गेली. १५ मे १९३६ला मान्यता मिळालेल्या देशातल्या पहिल्या काही नावांत इथलंच आर्ब्वा होतं, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला शातो-शालों आलं. नाशिक व्हॅली वाइनलाही भौगोलिक मानांकन आहे, पण वाईट वर्षी नाव न लावण्याची ही शिस्त आपण अजून शिकायची आहे, असं मला मनापासून वाटतं.

आर्ब्वाला जायलाच हवं. लुई पाश्चर इथे वाढले, त्यांचं घर आता संग्रहालय आहे. गावाजवळच्या स्वतःच्या मळ्यात १८७८ साली त्यांनी काही वेली काचघरात झाकून ठेवल्या आणि आंबवणारं यीस्ट द्राक्षाच्या आतून नाही, बाहेरून येतं हे दाखवून दिलं. हिवाळ्यात घर बंद असतं, तारखा आधी बघा.

पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनहून टीजीव्हीने, म्हणजे वेगवान रेल्वेने, दोल किंवा मुशार, तिथून लोकल गाडीने आर्ब्वा किंवा लों-ल-सोनिए. पुढे कड्यावर चढायला गाडी किंवा टॅक्सीच लागते, बसच्या भरवशावर राहू नका. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकायचं, त्यात कोणालाही वावगं वाटत नाही. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे. तळघर बघायचं तर आधी फोन किंवा ईमेल करा आणि दुपारी बारा ते दोन कोणाचं दार वाजवू नका. ऑक्टोबर सगळ्यात छान, कारण सावान्यां उशिरा पिकतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नव्या व्हाँ जोनचं पिंप फोडायचा उत्सव असतो, दरवर्षी वेगळ्या गावात. गर्दी आणि थंडी दोन्ही भरपूर.

बाटली साधारण ५० युरो किंवा त्याहून वर. फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, १५ अंशांच्या आसपास आणि काही तास आधी उघडून प्या. उघडलेली बाटली कित्येक आठवडे टिकते. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. तीन क्लावलां म्हणजे १.८६ लिटर, तेव्हा तीन घ्या आणि कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा.