बाबांची जावा आणि वाशिष्ठीचा गाळ

वाशिष्ठी नदीच्या २००५ च्या पुराची खूण आमच्या चिपळूणमधल्या मुरादपूरच्या घरात मागच्या पडवीच्या भिंतीवर होती. बाबांनी ती खिळ्याने कोरून ठेवली होती. २१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबायचं नाव घेईना, तेव्हा आम्ही सोळा वर्षांपूर्वीचं पाणी प्रमाण धरून सामान उचललं. तांदळाची पिंपं माडीवर, फ्रिज टेबलावर, आणि बाबांची जावा मोटरसायकल चिऱ्यांवर चढवून. जुन्या खुणेपेक्षा हातभर उंच. पहाटे जिन्याच्या चौथ्या पायरीवरून टॉर्च मारला. लाल पाणी, त्यावर कुणाची तरी गॅसची टाकी, आणि डिझेलचा वास.

“हँडल दिसतंय का गो?” बाबांनी वरून विचारलं.

“नाही, बाबा.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी शेजारची माणसं छपरांवर बसून होती. गाडीचं नाव काढायची ती वेळच नव्हती.

गाडी १९७० ची, जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली. झेक परवान्यावर तिथे १९६१ पासून या गाड्या तयार होत. १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं आणि १९९६ ला कारखानाच बंद पडला. बाबांनी ही १९७९ मध्ये जुनीच घेतली. ते गुहागर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते, गावोगावचे लोक त्यांना गुरांचे डॉक्टरच म्हणायचे. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायला ते याच गाडीवरून वाड्यावाड्यांत जात. लस थंड राहायला हवी म्हणून मागच्या कॅरिअरवर थर्मास बसेल अशी लोखंडी कडी त्यांनी करून घेतली होती. बर्फ मासळीवाल्यांकडून. मी लहानपणी त्या थर्मासला पाठ टेकून बसायचे, आणि पाठीला गार लागायचं.

पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी जी चूक केली ती आधी सांगते, कारण हे लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठी. मी प्लग काढला आणि किक मारली. प्लगच्या भोकातून तांबडं पाणी फुसकन उडालं. मला वाटलं, चला, इंजिन फिरतंय, मोकळं होतंय. म्हणून आणखी दहा-बारा किका मारल्या. चौथ्या-पाचव्या किकेपासून पायाला कर्र असं काहीतरी जाणवत होतं. ते मी ऐकलं आणि तरी थांबले नाही. टू स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतं. म्हणजे नदीचा गाळही तिथेच जाऊन बसतो, आणि प्रत्येक किकेसरशी बेअरिंगांत, रिंगांत आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासला जातो. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मला हे त्याच दिवशी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

तुमची गाडी पुरात बुडाली, तर कृपा करून किक मारू नका, सेल्फ तर अजिबात नको. प्लग आणि कार्बोरेटर काढा, असेल तिथून पाणी निथळू द्या, डिझेल किंवा ऑइल भरपूर ओतून ठेवा आणि लवकरात लवकर इंजिन उघडून घ्या. गाळ ओला आहे तोवर धुतला जातो, वाळला की त्याचं सिमेंट होतं. तोवर गंज लागलेला असतोच. आमच्याकडे घर सावरण्यात सव्वा वर्ष गेलं, आणि गाडी तशीच राहिली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा बाबा घरात निघून गेले.

२०२२ च्या दिवाळीनंतर मी पडवीला जाळी मारून घेतली, वर एक चांगला दिवा लावला आणि कामाला सुरुवात केली. हाताशी बाबांचा पान्यांचा डबा होता. बाबा खुर्ची टाकून समोर बसायचे. त्यांचे हात आता कापतात, पाना धरवत नाही, पण कुठला नट उलट्या आट्यांचा आहे हे ते न बघता सांगतात.

पहिल्यांदा चेनचं कव्हर काढलं. या गाडीची मागची चेन पूर्ण पेटीत बंद असते, धूळ लागू नये म्हणून. त्यामुळे आत शिरलेल्या गाळालाही बाहेर पडायला वाट नव्हती. पेटी उघडली तर आत चेनच्या आकाराची तांबूस वीट. स्क्रू ड्रायव्हरने ती फोडत गेले तेव्हा आतून काय काय निघालं: भाताचं तूस, प्लॅस्टिकचा लाल मणी, एका चिंबोरीची नखाएवढी नांगी. ती नांगी बाबांनी मागून घेतली आणि खिडकीत ठेवली. अजून आहे तिथे.

पिस्टन अर्थातच जाम होता. हेड काढून वरून डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइल ओतून ठेवलं, रोज कॉलेजातून आल्यावर त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच टकटक करायचे. अकराव्या दिवशी तो केसभर सरकला. जोर करायची फार इच्छा व्हायची, बाबा नुसतं “हं” म्हणायचे आणि मी हातोडी खाली ठेवायचे. सिलिंडर सुटून हातात आल्यावर उजेडाकडे धरला. भिंतीवर उभे ओरखडे होते, अगदी स्पष्ट, नखाला लागणारे. काही गंजाचे खड्डे होते, ते सव्वा वर्षाचे. पण ओरखडे त्या तिसऱ्या दिवशीच्या किकांचे. बाबांना दाखवले. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “बोअर करून जातील.” म्हणजे सिलिंडर आतून थोडा कातून.

खेर्डीतल्या लेथवाल्या काकांनी क्रँक उघडून नवा कनेक्टिंग रॉड बसवला. हा क्रँक दाबून जोडलेला असतो, तो सरळ रेषेत बसला नाही तर इंजिन आयुष्यभर थरथरतं. काकांनी तो दोन टोकांवर तोलून, डायल गेजचा काटा बघत, तांब्याच्या हातोडीने एक एक ठोका देत जुळवला. जवळजवळ दोन तास. मी मोबाइल बाजूला ठेवून ते बघत उभी होते. असे हात आता जिल्ह्यात किती उरलेत मला ठाऊक नाही, पण जे आहेत त्यांच्याकडे आपलं काम घेऊन जायला हवं असं मनापासून वाटतं. पिस्टन, रिंगा, ऑइल सील पुण्याला नाना पेठेत मिळाले. दोन चकरा झाल्या.

टाकीची गोष्ट वेगळी. आतून ती गंजाने खपल्या धरल्यासारखी झालेली. बरेच जण ॲसिड सुचवत होते, पण ॲसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खातं. मी टाकीचा खालचा कॉक बंद केला, आत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलं, तोंडातून एक साधी लोखंडी सळी सोडली. सळी टाकीला कुठेच टेकू नये म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. बॅटरी चार्जरची ऋण बाजू टाकीला, धन बाजू सळीला. हे उलटं झालं तर टाकीच झिजते, म्हणून दोनदा बघून घ्या. आणि सळी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, त्यामुळे हे सगळं बाहेर खळ्यात, माडांखाली, उघड्यावर. तासाभरात तोंडाशी तपकिरी फेस चढायला लागला. संध्याकाळी सळी काढली तर तिच्यावर काळपट लगदा, आणि ती मध्येच बारीक झालेली. सळी पुसायची, पाणी बदलायचं, परत लावायचं. चार दिवसांनी टाकीत टॉर्च टाकला आणि राखाडी, स्वच्छ पत्रा दिसला. आपल्या हवेत तो अर्धा तासही तसा राहत नाही. धुतल्याबरोबर पेट्रोल आणि टूटी, म्हणजे टू स्ट्रोक इंजिनाचं, ऑइल आत फिरवलं.

हवेचं म्हणाल तर रंगकामाने तिच्यासाठी सर्वांत जास्त थांबायला लावलं. जून ते सप्टेंबर रंग मारायचा नाही, हे मला एक मडगार्ड वाया घालवून कळलं. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि लॅकर दुधासारखं पांढरं पडतं. मग नोव्हेंबरपर्यंत सगळे भाग रेड ऑक्साइडचा अस्तराचा रंग मारून कपाटात. क्रोम मी नव्याने केलं नाही. जिथे टिकलंय तिथे घासून ठेवलं, जिथे गेलंय तिथे गेलं. टाकीच्या उजव्या बाजूला एक पोचा आहे, हेदवीच्या एका खोंडाने लस टोचताना लाथ मारली होती त्याचा. पेंटर म्हणाला, पुट्टीने भरून देतो, कळणार पण नाही. मी नको म्हटलं. गाडी नवी दिसावी हा माझा हेतू कधीच नव्हता.

वायरिंग, टायर, सीट यांत विशेष सांगण्यासारखं काही नाही, पैसे गेले आणि झालं. कॅरिअरची कडी मात्र गंजून हातातच आली होती. माप कशावरून घ्यायचं? माळ्यावर तो जुना थर्मास सापडला, कोरडा, फडक्यात गुंडाळलेला. त्याच्यावरून नवी कडी वळवून घेतली. बाबांनी आतून ट्यूबची पट्टी लावायला सांगितली, नाहीतर रस्ताभर खडखडतो म्हणे.

२०२४ च्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, टायमिंग लावलं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते. प्लगच्या भोकातून पिस्टनची उंची मोजत आणि ठिणगी पाडणारा पॉइंट कधी उघडतो ते कळायला सहा व्होल्टचा बल्ब जोडून. पॉइंटचं अंतर ०.४ मिलिमीटर. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल घालतात, मी नव्या बोअरसाठी ५० घातलं. या गाडीची किक आणि गिअर एकच दांडी असते, किक मारून झाली की ती आत दाबून पुढे वळवायची, मग तोच गिअर. सातव्या किकेला इंजिन लागलं. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि शेजारची मुलं कुंपणाशी गोळा झाली. मी बाबांकडे बघितलं. ते मान तिरकी करून ऐकत होते.

“टायमिंग जरा पुढे आहे, बाय. टणटण ऐकू येतं का बघ.”

मला येत नव्हतं. तरी इंजिन बंद केलं, पॉइंटची प्लेट किंचित मागे फिरवली, परत किक मारली. आता फरक कळला. आधीच्या आवाजात एक पत्र्यासारखी कडा होती, ती गेली होती.

इंजिन रुळेपर्यंत ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही असं ठरलंय. गेल्या रविवारी आम्ही दोघं गुहागर रस्त्याने रामपूरपर्यंत जाऊन आलो. मिरजोळी सोडल्यावर चढाला तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली तेव्हा बाबांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, म्हणजे बरोबर केलंस. रामपूरला एका आंब्याखाली गाडी लावली. थर्मासमध्ये या वेळी चहा होता. बाबांनी झाकणात ओतला, मला दिला, आणि वाकून डाव्या कव्हरखाली बोट फिरवलं. ऑइल लागलं. क्लचच्या बाजूची पॅकिंग गळतेय. या रविवारी उघडायची आहे.